८ वर्षांच्या मुलाला दमा आहे, झिंक-मॅग्नेशियमचं सिरप सुरू करू का?

मानेवाड्याची आई
मुलाला बालदमा आहे. सकाळ-संध्याकाळ स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) लावून ब्युडेसोनाइडचा पंप घेतो. तरी पाऊस लागला की रात्रीचा खोकला अन् पळालं की धाप. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा लेकराला काहून पंपाची सवय लावता?" जाऊबाईंनी झिंक, मॅग्नेशियम, सेलेनियमचं सिरप आणून दिलं. चमच्यात १० मिग्रॅ झिंक, दिवसातून दोनदा द्यायचं. यानं दमा मुळातून जातो म्हणे. देऊ का? पंप हळूहळू सुटेल का?

सक्करदऱ्याचा औषधवाला
ताई, आधी हे सांगतो, पंप बंद करू नका. त्यातलं औषध श्वासनळीची सूज रोज दाबून ठेवतं. बंद केलं तर सूज परत येते. सासूबाईंना ती सवय वाटत असली तरी ती सवय नाही.

मॅग्नेशियमचं नाव दम्याशी का जोडलं गेलं, तेही सांगतो. मोठा अटॅक आला अन् नेहमीच्या औषधांनी दम बसला नाही, तर दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून देतात. त्यानं श्वासनळीचे स्नायू सैल पडतात. सिरपमधलं मॅग्नेशियम आतड्यातून थोडं थोडंच शोषलं जातं, जास्तीचं किडनी बाहेर टाकते, त्यामुळे तो परिणाम मिळत नाही. उलट जास्त झालं तर जुलाब लागतात.

झिंकचा हिशोब बघा. दिवसाला २० मिग्रॅ होतं. अमेरिकेच्या तक्त्यात ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी वरची मर्यादा १२ मिग्रॅ आहे, तीही जेवणातलं धरून. जुलाबात लहान मुलांना २० मिग्रॅची गोळी देतात, पण ती १४ दिवसांपुरती. महिनोन् महिने जास्त झिंक पोटात गेलं तर तांबं शोषलं जात नाही अन् रक्त कमी होऊ शकतं. डॉक्टरांनी तपासून कमतरता सांगितली तर जरूर द्या, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत. नाहीतर तीळ, शेंगदाणे, हरभरे, जवसाची चटणी खाऊ घाला. यातल्या कशाची ॲलर्जी असेल तर तेवढं टाळा.

खामल्याचा बाबा
आमच्या पोरीला पावसाळ्यातच व्हायचं. कूलर जून-जुलैतही चालूच असायचा, गवत ओलं अन् त्यावर काळी बुरशी. पाऊस लागताच कूलर खोलीबाहेर काढला, तेव्हापासून रात्रीचा खोकला बराच कमी आहे. तुमच्याकडे बघा एकदा.

मानेवाड्याची आई
कूलर त्याच्या पलंगाजवळच आहे! आजच काढायला लावते. सिरप राहू देते. पण दादा, पंप रोज घेऊनही त्रास का व्हावा?

सक्करदऱ्याचा औषधवाला
डॉक्टरांकडे जाताना पंप अन् स्पेसर दोन्ही न्या, मुलाला त्यांच्यासमोर घ्यायला लावा. प्रत्येक दाबाआधी पंप हलवायचा, एका वेळी एकच दाब, मग पाच-सहा संथ श्वास. दोन दाब एकदम मारले की बरंचसं औषध स्पेसरलाच चिकटतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन वाऱ्यावर वाळवा, कापडानं पुसू नका. शेवटी चूळ भरून थुंकायला सांगा. पंप संपला का तेही बघा. २०० मात्रांचा असेल अन् सकाळी दोन, संध्याकाळी दोन दाब असतील, तर ५० दिवसांत संपतो. पुढेही फुसफुस येत राहते, पण औषध मिळत नाही. पंप उघडल्याची तारीख डबीवर पेननं लिहून ठेवा. आणि बोलताना धाप लागली, बरगड्यांमधली कातडी आत ओढली गेली, ओठ निळसर दिसले, तर रिलीव्हर पंप (रोजचा नाही, लगेच श्वास मोकळा करणारा) द्या अन् तसंच दवाखाना गाठा, रात्र असली तरी.