खारफुटीतील सहल: तज्ज्ञांनी किती बोलावे आणि मुलांनी काय करावे?

तिसवाडीची शिक्षिका
नमस्कार. मी एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. दिवाळीनंतर मुलांना गोव्यातील रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर, खारफुटीने व्यापलेल्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यात नेण्याचे ठरले आहे आणि खाडीतील जीवसृष्टीचे एक अभ्यासक सोबत येण्यास तयार आहेत. वनखात्याच्या परवानगीचे काम सुरू आहे, त्यामुळे माझी अडचण ती नाही. अशा सहलींत बहुधा तज्ज्ञ उभे राहून पाऊण तास माहिती सांगतात, मुले ती भराभर वहीत उतरवून घेतात आणि समोरचे झाड पाहायचे राहूनच जाते. तज्ज्ञांच्या ज्ञानाचा लाभ व्हावा आणि तरीही शोध मुलांनीच घ्यावा, यासाठी शिक्षक व शास्त्रज्ञ यांनी काम कसे वाटून घ्यावे?

खाडीचा अभ्यासक
ताई, आपल्या पाहुण्यांना आधीच विनंती करावी की पहिला अर्धा तास त्यांनी काहीही समजावून सांगू नये. मी याच क्षेत्रात काम करतो आणि माझे स्पष्ट मत आहे की मुलांच्या हाती मोजण्याजोगे काही दिल्याशिवाय आमच्या बोलण्याला अर्थ येत नाही.

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर फिडलर खेकडे असतात. पावलांची चाहूल लागताच ते बिळात शिरतात आणि मुले न हलता बसून राहिली, तरच काही मिनिटांनी एकेक करून बाहेर येतात. त्यामुळे शांत राहण्याची सूचना वेगळी द्यावी लागत नाही. नराची एक नांगी शरीराच्या मानाने अवाढव्य असते, मादीच्या दोन्ही लहान असतात. दोन-दोन मुलांनी आपल्यासमोरच्या तुकड्यात मोठी नांगी उजवीकडे असलेले नर किती आणि डावीकडे असलेले किती, एवढेच मोजावे. (उजवी बाजू खेकड्याची धरायची की आपली, हे आधी ठरवून घ्यावे, नाहीतर सगळे आकडे वाया जातात.) काही जातींत हे प्रमाण जवळजवळ निम्मे-निम्मे असते, तर काहींत बहुतेक सर्व नर उजवेच असतात. त्यामुळे आकडे एकत्र केल्यावर मुलांमध्ये जो वाद होईल, तो त्यांना स्वतःच्या नोंदींवरूनच सोडवावा लागेल.

नंतर एका जागी काडीने चिखल उकरावा. वरचा थर तपकिरी असतो, खालचा काळा आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा. प्राणवायू न पोहोचणाऱ्या थरातील जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, त्याचा हा वास. तो घेतल्यावर तिवर या खारफुटीच्या झाडाची चिखलातून सरळ वर आलेली श्वासमुळे दाखवून, मुळांनी जमिनीबाहेर येण्याची गरज काय, असे विचारावे. बरीच मुले स्वतःच उत्तरापर्यंत येतात, आणि तज्ज्ञांनी बोलायला सुरुवात करायची ती तेव्हा. तिवराच्या पानावर बोट फिरवले की झाडाने बाहेर टाकलेल्या मिठाचे कण लागतात, तेही प्रत्येकाने करून पाहावे.

निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा
वरील मांडणीशी मी सहमत आहे, पण तज्ज्ञ म्हणजे केवळ संशोधन संस्थेतील माणूस, हे मला पटत नाही. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीत, मानशीचे (बांधातील पाण्याच्या दारांचे) काम पाहणारा माणूस भरती-ओहोटीबद्दल जे जाणतो, ते मुलांनी त्याच्याच तोंडून ऐकावे. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने मानशीची लाकडी दारे मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब वाढून तीच दारे उघडतात आणि शेताचा निचरा होतो. दारांपाशी उभे राहून हे पाहिलेल्या मुलाला कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात बांधाआड कसे पिकते, हे उलगडून सांगावे लागत नाही. शिवाय २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या काळात १० दिवस दप्तराविना घालवून स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची तरतूद आहे. व्यवस्थापनाशी बोलताना ती जरूर पुढे करावी. ज्या मुलांच्या घरी मासेमारी किंवा खाजन शेती आहे, त्यांना पाहुण्यांच्या आधी बोलू द्यावे. वर्गात मागे बसणारी मुले अशा वेळी पुढे येतात.

सत्तरीचा सडा
माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. वर्षातून एकदा लांब नेण्यापेक्षा शाळेजवळची एकच जागा वारंवार दाखवणे मला अधिक मोलाचे वाटते. आमच्याकडे पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती उगवतात, कारण तिथल्या पातळ मातीत नत्र फार कमी असते. दवबिंदूच्या चिकट केसांत अडकलेले चिलट मुलांनी भिंगातून पाहावे आणि रोप उपटू नये, एवढी एकच सक्त सूचना द्यावी. पावसाळ्यानंतर तोच सडा करपून उघडा पडतो. हा फरक एका सहलीत कसा कळणार? झाडांसाठी सीझनवॉच हा देशव्यापी उपक्रम आहे, त्यात मुले एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुले आणि फळे नोंदवतात. शाळेच्या आवारातील आंबा किंवा फणसही चालतो.

तिसवाडीची शिक्षिका
सर्वांचे मनःपूर्वक आभार. खेकड्यांची मोजणी आणि मानस ही दोन्ही कामे घेत आहे, तर आवारातील फणसाची नोंद सोमवारपासूनच सुरू करू. फक्त वेळेविषयी शंका आहे: शाळेची वेळ आणि ओहोटी यांचा मेळ कसा घालावा?

खाडीचा अभ्यासक
ओहोटीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आधी मुरगाव बंदराचे भरतीचे कोष्टक पाहावे आणि मग तारीख ठरवावी. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे व पाणी परत फिरताच मुलांना चिखलातून बाहेर काढावे. पायात घट्ट बसणारी पादत्राणे हवीत, कारण कालवांच्या शिंपल्यांनी तळवे कापतात. तसेच प्रत्येक गटासोबत एक मोठे माणूस असावे आणि त्याने मोजणीत भाग न घेता फक्त मुलांवर लक्ष ठेवावे.