किल्ल्यात घुसलेला सकर: झटका द्यायचा की वाट बघायची?

गोदाकाठ
काल इथंच एकानं लिहिलं, "सकर (काच साफ करायला पाळतात तो मासा) टाकीतल्या शोभेच्या किल्ल्यात अडकला की किल्ला पाण्याबाहेर काढा, उलटा धरा, दोन झटके द्या. पडतो टपकन." खाली शाबासक्यांचा पाऊस. झाड हलवल्यावर पडायला तो काय चिंच आहे का?

कल्ल्यामागच्या दोन्ही पंखांचा पुढचा काटा जाड असतो. सकर घाबरला की तो काटा आडवा उघडतो आणि सांध्यात कुलूप लागल्यासारखा तसाच राहतो. त्यावरची बारीक कुसळं मागं झुकलेली. म्हणजे पुढं सरकायला मोकळा, मागं ओढला की रुतलाच. झटका देऊन किंवा शेपूट धरून तुम्ही स्वतःच पाचर ठोकताय.

आधी बघा, अडकलाय की नुसता लपलाय. सकर रात्रीचा प्राणी, दिवसा भोकात बसणारच. नवीन आणलेला तर आठ-पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. दिवे बंद करून दोन तासांनी टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावून बघा. जागा बदलली, तोंडाची दिशा फिरली, तर हात लावू नका. चोवीस तास त्याच कोनात, कुशीवर घासल्याचे पांढरे चट्टे, तर अडकलाय.

बीड बायपास
एवढं पुराण कशाला? एअर पंप बंद करा. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की झक मारत वर येतो.

गोदाकाठ
वर येऊन हवा गिळतो, खरंय. म्हणूनच तो सगळ्यांत शेवटी मरतो. आधी गोल्डफिश जातील. मे महिन्यात टाकीचं पाणी 32 अंशाला गेलेलं, त्यात प्राणवायू मुळातच कमी, वर तुम्ही पंप बंद करणार. आणि खरंच अडकलेला असेल तर वर येणार कसा?

बीड बायपास
आमच्याकडं तो पंप वीज मंडळच बंद करतं, आम्हाला करावा लागत नाही. 😄

परभणीकर
मूठभर खडेमीठ किल्ल्याच्या तोंडाशी टाका. जुना उपाय आहे.

दुधना
जुना आहे, बरोबर नाही. चरचरल्यावर तो बाहेर पळत नाही, आणखी आत दबतो आणि काटे उघडतो. वर गोदाकाठ यांनी तेच लिहिलंय, वाचत जा जरा.

भुकेनं बाहेर काढायचा. दीड दिवस काही घालू नका. काकडीची अर्धा इंच जाड चकती घ्या. साल काढा, सालीवरच फवारणी बसलेली असते. चकती जेवणाच्या स्टीलच्या काट्यात टोचा, म्हणजे तळाला बसेल. भोकापासून चार-सहा बोटांवर ठेवा, भोकाला चिकटवून नको. नाहीतर डोकं तेवढं बाहेर काढून खातो आणि परत आत. बाकीच्या माशांना आधी पोटभर घाला. दिवे बंद केल्यावर अर्ध्या तासानं चकती सोडा आणि सकाळी काढाच. विसरलात तर दुपारपर्यंत लिबलिबीत होते, पाण्याला वास येतो, मग विचारता मासे वर का येऊन तोंड मारतायत.

मांजराकाठ
काकडीनं बाहेर आला, पुढं? जाळीनं धरणार? काटे जाळीत गुंततात, मग जाळीच कापावी लागते.

सरळ करा. शेतीच्या पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घ्या, 75 मिमीचा. कडा कानशीनं घासा, एका तोंडाला टोपी बसवा आणि टोपीला दोन-तीन भोकं पाडा, पाणी खेळतं राहील. पाइप किल्ल्याशेजारी आडवा ठेवा. रात्री सकर खायला बाहेर पडला की किल्ला उचलून घ्या. लपायला दुसरी जागाच नाही, सकाळी पाइपात बसलेला असतो. उघड्या तोंडावर तळहात दाबून पाइप उचला. जाळी नाही, झटके नाहीत.

परभणीकर
टाकी उपसली की अर्ध्या तासाचं काम. पाणी चार इंचावर आणा, किल्ला उघडा पडतो, मासा आपोआप पाण्याकडं येतो.

मांजराकाठ
3 बाय 1 बाय सव्वा फूट टाकीत 106 लिटर बसतं. चार इंच ठेवलं तरी 78 लिटर बाहेर, म्हणजे पाच बादल्या. नळ आठ दिवसांनी येतो त्या घरात माशासाठी पाच बादल्या मोरीत? 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. एवढ्यात विसरलात?

परभणीकर
आली रेल्वे! कुठलाही धागा उघडा, तिसऱ्या प्रतिसादाला मिरजेची गाडी येतेच. मोरीत ओता म्हणालो का मी?

मांजराकाठ
"उपसा" म्हणालात. बादल्या भरून ठेवा, तेच परत ओता, असं नाही म्हणालात.

बीड बायपास
मुळात दुष्काळी भागात हौद पाळायचेच कशाला? माणसं टँकरमागं पळायलीत आणि तुम्ही माशाला आंघोळ घालायलात.

दुधना
एका कूलरला दिवसाला किती पाणी लागतं ते मोजा, मग बोला. पाणी बदलणं म्हणजे आठवड्याला पाव टाकी, 26 लिटर. ते कुंड्यांना घाला, कढीपत्ता काळाभोर होतो. त्यातलं नायट्रेट म्हणजे खतच. वाया काय गेलं?

बीड बायपास
नवं 26 लिटर कुठून आणता?

दुधना
टँकरचंच. ब्लीचिंग मारलेलं असतं, म्हणून बादलीत एअरस्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून चोवीस तास ठेवायचं, घाई असेल तर क्लोरीन मारणारे हायपोचे खडे. बोअरचं जड पाणी सकरला चालतं, क्लोरीन नाही चालत. आणि कुणी तरी किल्ल्यावर परत या बाबांनो.

परभणीकर
ठीक, "तेच पाणी परत ओता" हे लिहायला हवं होतं. झालं समाधान?

गोदाकाठ
निम्मं. आता खरंच अडकलेल्याचं. किल्ला माशासकट टाकीच्याच पाण्याच्या टबात घ्या, पाण्यातल्या पाण्यात. डोकं पलीकडच्या भोकाजवळ असेल तर ते भोक मोठं करा, तो पुढच्या पुढं निघतो. रेझिनचा किल्ला असेल तर भोकाच्या काठापासून पक्कडीनं नखाएवढे तुकडे मोडत जा. हॅक्सॉ ब्लेड लावायचं तर मासा नाही त्या बाजूनं, आणि अंगावर ओलं फडकं. भाजलेल्या मातीचा असेल तर हातोडी नको, हादरा सरळ माशाला बसतो. कानशीनं काठ झिजवा. सुटला की अंधारात ठेवा, दोन दिवस खाणं नको.

परभणीकर
अन् साडेतीनशेचा किल्ला गेला तो?

गोदाकाठ
गेलाच पाहिजे. दीड इंचाचं भोक दोन इंचाच्या पिल्लाला महाल वाटतो. तोच सकर फुटाच्या वर जातो. दुकानात हे सांगत नाहीत, "काच साफ करतो" एवढंच सांगतात. भोक पसरलेल्या काट्यांपेक्षा रुंद पाहिजे, नाहीतर डोकंच शिरणार नाही एवढं लहान. मधलं माप म्हणजे सापळा.

बीड बायपास
फुटाचा झाला की विहिरीत सोडायचा. मोकळा.

दुधना
खबरदार. उजनी धरणात जाळी फाडणारा "हेलिकॉप्टर" मासा म्हणून मच्छीमार ज्याला शिव्या घालतात, तो हाच. दुकानात परत द्या, मोठ्या टाकीवाल्याला द्या. विहीर, तळं, नदी नाही.

परभणीकर
बरं बाबा, पाइप मान्य. 75 मिमीचा आणतो, कृषी सेवा केंद्रात तुकडे पडलेलेच असतात. मिठाचं मात्र माझं मत तेच.

मांजराकाठ
सकर केवढा आहे?

परभणीकर
नऊ इंच.

मांजराकाठ
मग 110 चा आणा. 75 वर मी लिहिलाय तो लहानांसाठी, नऊ इंचाचा त्यातही अडकेल. तेवढी चूक माझी.