मदत हवी आहे: नववीला व्हॅलिडेशन आणि व्हेरिफिकेशन शिकवायला वर्गात काय करून घेऊ?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी, मी पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला एका सेमी इंग्रजी शाळेत आठवी-नववीला कॉम्प्युटर शिकवते. पुढच्या आठवड्यात नववीला डेटा व्हॅलिडेशन (टाकलेला डेटा ठरवलेल्या नियमात बसतो का) आणि व्हेरिफिकेशन (तो मूळ कागदाशी जुळतो का) घ्यायचंय आणि त्यासाठी अ‍ॅक्टिव्हिटी शोधतेय, जरा मदत करा.

व्याख्यांचा प्रश्न नाहीये. रेंज चेक (आकडा मर्यादेत आहे का), लेंग्थ चेक (अक्षरं-आकडे मोजून तितकेच आहेत का), प्रेझेन्स चेक (रकाना रिकामा नाही ना), फॉरमॅट चेक (ठरलेल्या साच्यात आहे का), मुलं सगळं घडाघडा म्हणून दाखवतात. अडतंय ते पुढे. मागच्या तासाला शीटमध्ये मार्कांच्या कॉलमला ० ते १०० असा नियम लावून दाखवला, १०५ टाकले तर शीटने नाकारले, मुलं खूश. मग पेपरवर ५८ मार्क होते तिथे मी मुद्दाम ८५ टाकले, शीटने घेतले, आणि विचारलं की हे बरोबर आहे का, तर अर्ध्याहून जास्त वर्ग म्हणाला "हो टीचर, कॉम्प्युटरने घेतलं ना." हीच गोष्ट मला त्यांच्या डोक्यातून काढायचीय. नियमात बसलेला डेटा खरा असतोच असं नाही, हे त्यांना स्वतः हाताने करून कळायला हवं, मी सांगूनही पुढच्या परीक्षेत पुन्हा तेच लिहितात.

मी विचार करतेय तो सहलीच्या फॉर्मचा. दरवर्षी सहलीला जाताना आपण नाव, जन्मतारीख, पालकांचा मोबाइल, पत्ता, पिनकोड, रक्तगट असं सगळं लिहून घेतो, मुलांच्या ओळखीचा कागद आहे. यात रक्तगटाचा रकाना मला फार महत्त्वाचा वाटतो कारण तिथे ड्रॉपडाउन लावला, आठच पर्याय ठेवले, तरी बी पॉझिटिव्हच्या जागी बी निगेटिव्ह निवडलं तर कुठलाही नियम ते पकडणार नाही, दोन्ही यादीतलेच आहेत. आणि सिंहगडावर एखादं मूल पडलं झालं तर त्याच रकान्याकडे डॉक्टर बघणार.

अडचणी अशा की लॅबमध्ये एका मशिनवर तीन-चार मुलं बसतात, तास ३५ मिनिटांचा, मधेच लाइट जाते, त्यामुळे निम्मं काम तरी कागदावर होईल असं हवंय. दुसरं म्हणजे व्हेरिफिकेशनमध्ये मुलं न बघताच टिक करत सुटतात, आणि दोनदा एन्ट्री करायला सांगितलं की दुसरा पहिल्याचं बघून उतरवतो, मग त्या दुसऱ्या एन्ट्रीला अर्थच राहत नाही. यावर कोणी काय केलंय? आणि चेक डिजिट (नंबरातली चूक पकडायला त्याच्या शेवटी हिशोबाने जोडलेला आकडा) वर्गात कसं घेता, तेही सांगा प्लीज.

कोथरूडची टीचर:

ताई, सहलीच्या फॉर्मची कल्पना मस्त आहे, तीच धरा. मी यावर "दोन खिडक्या" म्हणून खेळ घेते, कॉम्प्युटर लागत नाही.

प्रत्येक ग्रुपला दोन प्रकारच्या चिठ्ठ्या द्यायच्या, एक पालकांनी भरलेला मूळ फॉर्म आणि दुसरी त्यावरून झालेली एन्ट्री. पहिल्या खिडकीवरच्या मुलाकडे फक्त नियमांचं कार्ड, त्याला मूळ फॉर्म बघायलाच द्यायचा नाही, एन्ट्री नियमात बसली की शिक्का मारून पुढे. दुसऱ्या खिडकीवर मूळ फॉर्म आणि एन्ट्री दोन्ही, पण तिच्याकडे नियम नाहीत, तिने फक्त दोन्ही सारखं आहे का एवढंच बघायचं. खिडक्या वेगळ्या ठेवणं हेच यातलं मेन आहे, एकाच मुलाकडे दोन्ही दिलं की पुन्हा गोंधळ.

आता चुका पेरताना तीन जातीच्या पेरा. एक, एन्ट्री करताना झालेली पण नियमात बसणारी, म्हणजे तुमचा रक्तगट, किंवा ०५/०८ चं ०८/०५. ही पहिल्या खिडकीतून सुटते, दुसरीत सापडते. दोन, मूळ फॉर्मवरच चुकलेली, म्हणजे पालकांनी मोबाइल नंबरात नऊच आकडे लिहिलेत किंवा जन्मसाल म्हणून चालू वर्ष टाकलंय. ही दुसरीत बिनबोभाट पास होते कारण कागदाशी जुळतंय ना, आणि पहिलीत अडते. वर्गात इथे जरा थांबा, मुलांना हे अजिबात अपेक्षित नसतं, नीट जुळवून बघितलं तरी चूक राहू शकते हे पहिल्यांदा त्यांच्या लक्षात येतं.

तिसरी जात सगळ्यात भारी. पालकांनी फॉर्मवर चुकीची पण शक्य वाटणारी तारीख लिहिली आणि एन्ट्रीही तशीच झाली. दोन्ही खिडक्या पास! मग मुलं विचारतात की मग हे पकडणार कोण? तर जन्माचा दाखला मागवायचा, घरी फोन करायचा, त्याला पर्याय नाही. दोन्ही तपासण्यांच्या पलीकडे काय राहतं हे कळायला यापेक्षा चांगला रस्ता मला तरी सापडलेला नाही.

न बघता टिक करण्यावर दोन उपाय. चुका किती आहेत ते सांगायचं नाही, आणि एखाद्या ग्रुपच्या गठ्ठ्यात एकही चूक ठेवायची नाही. दुसरं, एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने एन्ट्रीवर बोट ठेवायचं, आकडे एकेक करून. "अठ्ठ्याण्णव बावीस" असं जोडीने वाचलं की डोळा पुढे पळतो आणि उलटसुलट झालेले आकडे निसटतात.

आणि एक कळकळीची विनंती, मुलांचे खरे मोबाइल, आधार, पत्ते यातलं काही वापरू नका, सगळे फॉर्म बनवलेले असू देत. वर्गात फिरलेला कागद कुठे जाईल सांगता येत नाही.

निवृत्त बँकर:

दोनदा एन्ट्रीबद्दल सांगतो. बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. मेकरने व्यवहार टाकायचा, चेकरने व्हाउचर समोर ठेवून तपासून पास करायचा, आणि एकाच माणसाने दोन्ही करायचं नाही हा नियम. मॅडम, तुमच्या वर्गात दुसरा पहिल्याचं बघतो कारण दोघं शेजारी बसलेत. पहिल्या एन्ट्रीचा कागद दुमडून तुमच्याकडे जमा करा आणि दुसरी एन्ट्री वर्गाच्या पलीकडच्या बाकावरच्या मुलाला द्या, नाव न सांगता. शेवटी दोन्ही शेजारी ठेवून जिथे फरक तिथे मूळ फॉर्म काढायचा. लॅबमध्ये करायचं तर दोन मशिनवर दोन शीट, नंतर एकत्र आणून दोन सेल सारखे आहेत का एवढा साधा फॉर्म्युला पुरतो.

मुलांना एक प्रश्न विचारा. नेट बँकिंगमध्ये नवीन माणसाचा खाते क्रमांक जोडताना तो दोनदा टाकायला लावतात आणि बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वेळी पेस्ट होत नाही, ते का? पेस्ट केलं तर पहिल्या रकान्यातली चूक दुसऱ्यातही जशीच्या तशी येते. नववीची मुलं हे पटकन ओळखतात.

फॉरमॅट चेकसाठी आयएफएससी, म्हणजे पैसे पाठवताना लागणारा बँक शाखेचा कोड, चांगला आहे. ११ अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचव्या जागी कायम शून्य, उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाकून द्या, बघा किती जणांना दिसतं.

गोष्ट सांगायचीच तर जपानची सांगा. डिसेंबर २००५ मध्ये मिझुहो सिक्युरिटीजला जे-कॉम कंपनीचा १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता, ऑर्डर गेली ती ६,१०,००० शेअर प्रत्येकी १ येनला. कंपनीचे एकूण शेअरच १४,५०० होते! स्क्रीनवर इशारा आला होता, तो ओलांडून पुढे गेले. अब्जावधी येनचं नुकसान झालं. मुलांना विचारा, इथे नुसता इशारा द्यायला हवा होता की ऑर्डर अडवायलाच हवी होती. एक्सेलमध्येही चुकीच्या एन्ट्रीला अडवणं आणि नुसतं सावध करणं असे वेगवेगळे पर्याय असतातच, ते याच प्रश्नाला जोडून दाखवता येतील.

डेटावाला:

चेक डिजिटचं मी लिहितो, हा माझा आवडता भाग. मुलांना घरून बिस्किटाच्या, साबणाच्या पुड्यांवरचे १३ आकडी बारकोड आणायला सांगा. भारतात नोंदवलेले बरेचसे ८९० ने सुरू होतात. डावीकडून पहिल्या बारा आकड्यांना आलटून पालटून १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला पोचायला जितके कमी पडतात तो तेरावा आकडा. फळ्यावर दाखवायला बनवलेला नंबर घ्या, ८९०१२३४५६७८९. १ वाले आकडे ८, ०, २, ४, ६, ८, बेरीज २८. ३ वाले ९, १, ३, ५, ७, ९, बेरीज ३४, तिप्पट १०२. एकूण १३०, कमी काही पडत नाही, म्हणून शेवटचा आकडा ०. आता मधला ५६ उलटा करून ६५ लिहा, बेरीज १३२ होते, शेवटी ८ यायला हवा होता पण आहे ०, चूक पकडली.

मग मुलांना सांगा की आता मला फसवून दाखवा, शेजारचे दोन आकडे असे उलटे करा की चूक पकडली जाणार नाही. थोडा वेळ जाऊ द्या, कोणीतरी १ आणि ६, किंवा २ आणि ७ ला पोचतंच. १६ चे १ गुणिले १ अधिक ६ गुणिले ३, म्हणजे १९, आणि ६१ चे ९, फरक बरोबर १० चा, त्यामुळे शेवटचा आकडा तोच राहतो. ज्या दोन आकड्यांत ५ चा फरक आहे त्यांची अदलाबदल या पद्धतीला दिसतच नाही. पुस्तकांवरचा १३ आकडी आयएसबीएन, जो २००७ पासून आला, तोही याच हिशोबाने चालतो, लायब्ररीच्या तासाला तो घेता येईल.

हुशार मुलं पुढे विचारतीलच. डेबिट-क्रेडिट कार्ड नंबरांची जी चेक डिजिटची पद्धत आहे तिच्यासाठी आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये पेटंटचा अर्ज केला होता, तिच्यात ०९ आणि ९० ची अदलाबदल सुटते. आधारच्या १२ आकड्यांतला शेवटचा आकडा व्हरहूफ यांच्या पद्धतीने काढतात, ती १९६९ ची, आणि ती एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे झाले तर हमखास पकडते. पण आधार नंबर या हिशोबात बसला म्हणजे तो त्याच मुलाचा आहे असं होत नाही, हे वर्गात आवर्जून बोला.

पाटीपेन्सिल:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. दोन खिडक्या पहिल्या तासाला घेते, बारकोड दुसऱ्याला. पिनकोडचीही एक चिठ्ठी घालतेय, पत्ता कोथरूड आणि पिन ४११०३०. सहा आकडे आहेत, पुण्याचाच आहे, पण तो सदाशिव पेठेचा, कोथरूडचा ४११०३८. म्हणजे एकेक रकाना बरोबर आणि दोन मिळून चूक, पहिल्या खिडकीचं कार्ड यासाठी कसं लिहायचं ते मुलांनाच ठरवू देते.

एकच राहिलं, यावर परीक्षेत प्रश्न कसा काढता? व्याख्या विचारल्या की पुन्हा पाठांतर सुरू होतं.

कोथरूडची टीचर:

मी एक भरलेला फॉर्म आणि त्याची एन्ट्री छापून देते आणि प्रत्येक चुकीपुढे लिहायला लावते की ही कुठल्या खिडकीत सापडली असती आणि दुसरीत का सापडली नसती. मार्क "का" ला जास्त. तुमचं ५८ आणि ८५ तसंच्या तसं घाला त्यात.

डेटावाला:

लॅबच्या तासाला एक नक्की करून घ्या, नियम लावलेल्या सेलमध्ये हाताने १०५ टाइप करायला सांगा आणि मग दुसऱ्या सेलमधून १०५ कॉपी करून तिथे पेस्ट करायला सांगा. एक्सेलमध्ये पेस्ट केलेलं आत जातं, वर नियमच पुसला जातो. तुमच्या शाळेत कुठलं सॉफ्टवेअर आहे त्याप्रमाणे आधी स्वतः करून बघा. एक्सेल असेल तर नियम पुन्हा लावून नियमाबाहेरच्या सेलभोवती लाल गोल काढायची सोय डेटा मेनूत आहे, तीही त्याच तासाला दाखवता येईल.