हायपोथॅलॅमसमधला मिर-२००ए: एकाच गटातले आकडे का जुळत नाहीत?

मुग्धा:
ओबी/ओबी (भूक शमवणारं लेप्टिन हार्मोन जन्मतःच नसलेल्या, लठ्ठ) उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये (मेंदूतलं भूक सांभाळणारं केंद्र) मिर-२००ए हा मायक्रोआरएनए (जनुकांचं काम दाबणारा इवलासा आरएनए) वाढलेला असतो आणि तो रोखला की लेप्टिन रिसेप्टर व आयआरएस-२ (इन्सुलिनचा संदेश पुढे नेणारं प्रथिन) वाढतात, हे २०१४ मध्ये दिसलं. तोच चरबीयुक्त खाद्यावर १२ आठवडे वाढवलेल्या उंदरांत मोजायचा आहे. एकाच गटात ४–५ सीटीचा (पीसीआरमध्ये संकेत दिसेपर्यंतची चक्रं; आरएनए कमी तर सीटी जास्त) फरक येतो. आरएनए काढायला ट्रायझॉल (ऊतक विरघळवणारं द्रावण), नंतर साधा सिलिका कॉलम (आरएनए धरून ठेवणारी गाळणी), तुलनेला यू६ (पेशीतला एक छोटा आरएनए). चूक कुठे शोधावी?

निखिल:
आधी कॉलम बदला. मायक्रोआरएनए जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडांचा. साधा कॉलम २०० च्या खालचे तुकडे नीट धरत नाही. आरएनए असलेल्या जलीय थरात त्याच्या दीडपट शुद्ध इथेनॉल मिसळून मगच कॉलमवर चढवा. ७० टक्के इथेनॉल समभाग घातलं की छोटे तुकडे निसटतात. यू६ शंभराहून थोडा लांब, म्हणून तो त्यातल्या त्यात जास्त टिकतो आणि मायक्रोआरएनए गळतो. तुलनेला सोबत एसएनओ-२०२ आणि एसएनओ-२३४ हे छोटे आरएनएही ठेवा. ऊतक ट्रायझॉलमध्ये विरघळल्यावर सी. एलिगन्स या कृमीचा (उंदरात नसलेला) मिर-३९ प्रत्येक नळीत सारखाच घाला. गळती किती झाली ते त्यावरून कळेल.

श्रुती:
निखिल, कॉलमचं पटतं, पण त्याने सगळ्याच नमुन्यांचा सीटी वर सरकेल. दर सीटीला दुप्पट धरलं तर ४–५ सीटी म्हणजे १६ ते ३२ पट! मला संशय कापणीचा आहे. पिट्युटरीत (हायपोथॅलॅमसच्या खालची ग्रंथी) मिर-२०० कुळ मुबलक असतं, तिचा कणभर तुकडा चिकटून आला तरी आकडा उसळतो. त्याच आरएनएवर ग्रोथ हार्मोन आणि प्रोलॅक्टिन या पिट्युटरीच्या हार्मोनांचे एमआरएनए मोजा. ज्यात ते फार चढलेत तो नमुना बाद करा. कापताना मेंदूचा तळ वर येईल असा ठेवा, पुढची हद्द ऑप्टिक कायझमा (दृष्टीच्या नसा एकमेकींना छेदतात ती जागा), मागची मॅमिलरी बॉडी (तळाशी दिसणारे गोल उंचवटे). आणि सगळे प्राणी दिवसाच्या एकाच वेळी, सारख्याच उपासानंतर घ्या.

अनिरुद्ध:
मोजणी सुधारली तरी एक अडचण उरते. ओबी/ओबीत लेप्टिनच नसतं, आणि ते टोचलं की मिर-२००ए उतरतो. चरबीच्या खाद्यावरच्या उंदरात लेप्टिन भरपूर असतं, तेव्हा दिशा तीच असेल असं धरू नका. शिवाय अख्खा हायपोथॅलॅमस वाटून एकजीव केला की भूक वाढवणारे एजीआरपी न्यूरॉन आणि ती शमवणारे पीओएमसी न्यूरॉन एकाच नळीत येतात. एजीआरपी न्यूरॉनमधून मिर-३३ हा दुसरा मायक्रोआरएनए काढला तर उंदीर जास्त खातात, हे २०२४ मध्ये दाखवलं गेलं. असा पेशीनिहाय परिणाम सरासरीत बुडून जातो. निदान आर्क्युएट न्यूक्लियस (हे न्यूरॉन असलेला हायपोथॅलॅमसचा भाग) तेवढा पंचने काढा, आणि काही मेंदू एलएनए प्रोबने (मायक्रोआरएनएला घट्ट चिकटणारा तुकडा) इन सिटू (तो ऊतकात नेमका कुठल्या पेशीत आहे ते पाहणं) करण्यासाठी आधीच बाजूला ठेवा.