मदत हवी आहे: रजेत शिडाच्या बोटीने लांबची सफर, परतीचं गणित बसत नाहीये

नमस्कार मंडळी,

मला आणि नवऱ्याला एकाच वेळी दीडेक महिन्याची रजा मिळाली आहे (माझी बिनपगारी, त्याची साठवलेली, हा योग पुन्हा कधी येतोय!). किनाऱ्याकिनाऱ्याने शिडाच्या बोटीने जमेल तितकं लांब जायचं आणि परत यायचं, असा बेत आहे. बोट ९ मीटरची, जुनी पण धडधाकट. चालवता दोघांनाही येते, पण आजवरचं सगळं शनिवार-रविवारचं: सकाळी निघायचं, अंधार पडायच्या आत नांगर टाकायचा.

अडलंय ते परतीवर. या मोसमात वारा बहुतेक दिवस किनाऱ्याला समांतर, एकाच दिशेने वाहतो. जाताना तो पाठीशी. नवरा म्हणतो, रजा अर्धी संपली की बोट वळवू, त्यात काय! मी नकाशा आणि पेन्सिल घेऊन बसले तर काही जुळेना. आमची बोट वाऱ्याच्या दिशेला ४५ अंशांपेक्षा जवळ जात नाही, म्हणजे येताना टॅक घेत (वारा कधी डाव्या, कधी उजव्या बाजूने घेत) नागमोडी यायचं. जाताना जी ३० सागरी मैलांची सरळ रेघ, ती येताना ४२ मैलांची होते. वर समोरून लाटा, त्यामुळे वेग ५ नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ४ वर, कधी त्याच्याही खाली. जाताना सहा तासांत उरकणारा टप्पा येताना अकरा-बारा तास खाणार. दिवसाउजेडी तो पुरा व्हायचा नाही. (इंजिन आहे, पण टाकी लहान. त्याच्या भरवशावर परत यायचं नाही हे ठरलंय.)

आणि कामावर रुजू व्हायची तारीख पक्की. शेवटच्या आठवड्यात वारा २५ नॉटवर गेला तर आम्ही बंदरात गप्प बसू, की 'सोमवारी हजर व्हायचंय' म्हणून शिडं चढवू? मला खरी धास्ती याची आहे, समुद्राची तितकी नाही.

तर वळायचं कधी? की आधी वाऱ्याविरुद्ध जाऊन ठेवावं? आणि रात्रीचा प्रवास दोघांत झेपतो का?

प्रतिसाद १

ताई, तुमची पेन्सिल बरोबर आहे. २० नॉटचा वारा पाठीवर आणि बोट ६ ने पळतेय, तेव्हा अंगाला १४ च लागतो. मजा वाटते. बोट वळवली की तोच वारा डेकवर २३ च्या घरात जातो. वारा वाढलेला नसतो, तुमची दिशा बदललेली असते. बरेच जण इथेच फसतात.

रजेच्या सुरुवातीला वाऱ्याविरुद्ध जा. अंगात दम असतो, आणि कंटाळलात तर कुठूनही वळा, वाराच घरी आणून सोडतो. ते जमणार नसेल तर अर्ध्यावर नाही, एक तृतीयांश रजा संपली की वळा.

दुसरं, दुपारच्या खाऱ्या वाऱ्याशी भांडत बसू नका. मोसमी वाऱ्याचा जोर कमी असेल तेव्हा पहाटे किनाऱ्याजवळ मतलई वारा मिळतो. तो जमिनीकडून, म्हणजे तुम्हाला आडवा येतो, पाणीही सपाट असतं. टॅक न घेता सरळ जाता येतं. तीन-चारला नांगर उचला, ऊन तापेपर्यंत बरंच अंतर मागे पडतं. फक्त ज्या बंदराचं तोंड दिवसा नीट पाहिलंय तिथूनच अंधारात निघा. मासेमारीची जाळी टॉर्चनेही वेळेवर दिसतील याची खात्री नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रकही जवळ ठेवा; ४ नॉटच्या बोटीला १ नॉटचा प्रवाह सोबत असला तर ५, विरुद्ध असला तर ३.

प्रतिसाद २

मी थोडा असहमत. बोटीने परत आलंच पाहिजे असं कोणी सांगितलं? एखाद्या सुरक्षित बंदरात बोट ठेवा, तुम्ही रस्त्याने परत या आणि मोसम फिरला की बोट आणा. बोट अशी माणसाविना ठेवलेली विम्यात चालते का, ते मात्र आधी वाचा.

इंजिनाचा इम्पेलर (थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) आणि डिझेल फिल्टर जादा घ्या. लाटांनी टाकी ढवळली की तळाचा गाळ वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं बंदराच्या तोंडाशी मान टाकतं.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो बोट तिकडेच ठेवण्यावर खूश. मला आधी वाऱ्याविरुद्ध जाणं पटतंय. भांडण चालू आहे.

पहाटे निघायचं तर अजून एक शंका. पाळीवरच्या माणसाने दुसऱ्याला उठवल्याशिवाय कॉकपिट (सुकाणूजवळची बसायची जागा) सोडायचं नाही, असा नियम आम्ही केलाय. पण आमच्या बोटीवर रीफ घ्यायला (शीड आवळून लहान करायला) डोलकाठीपाशी जावंच लागतं, म्हणजे वारा वाढला की झोपलेल्याची झोप गेलीच. रीफच्या दोऱ्या मागे कॉकपिटपर्यंत आणणं घरच्या घरी जमण्यासारखं आहे, की कारागीरच लागेल? कोणी केलं असेल तर कप्प्या कुठे बसवल्या तेवढं सांगा.