अनुभव धागा: सायकल मार्गाची राखण – हाताने काय करायचं, महापालिकेकडून काय करवून घ्यायचं

पुण्यात पावसाळा सरला की सायकल मार्गांचं खरं रूप दिसतं: खचलेले ब्लॉक, माजलेलं गवत, काचा. रविवारचे दोन तास देणाऱ्यांना उपयोगी पडेल असं लिहा. कशाने, किती, आणि कुठे फसतं? 'जनजागृती' हा शब्द आला तर प्रतिसाद वाचणार नाही.

पंक्चरपुराण
काच कोरड्या दिवशीच काढा. ओली बारीक काच ब्लॉकच्या फटीत चिकटून बसते, खराट्याने हलत नाही. खराटा, लोखंडी सुपडी, आणि फटींसाठी तारेचा ब्रश. कडेला लोटू नका, चार दिवसांत चाकांनी परत मध्ये येते. काच रंगाच्या रिकाम्या बादलीत भरून झाकण लावा. पिशवीत भरली तर कचरावेचक ताईंचा हात कापतो. टायरमधून सुटलेल्या बारीक तारा डोळ्यांना दिसतच नाहीत. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून ओढत न्या, मग बघा काय काय चिकटतं.

खडीवाळू
ब्लॉक खचला म्हणजे सहसा खालची वाळू वाहून गेलेली असते. आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा. बहुतेकदा कर्ब, म्हणजे मार्गाच्या कडेचा उभा दगड, सुटलेला असतो, नाहीतर केबलचा चर न ठोकताच बुजवलेला असतो. हे कारण तसंच ठेवून वरचे ब्लॉक बदलले तर पुढच्या पावसात तोच खड्डा.

खोदकाम आपण करायचं नाही. पण कंत्राटदाराची माणसं आली की काय बघायचं ते माहीत हवं. खड्ड्याच्या चारी बाजूंना दोन-दोन ओळी जास्त उचलायच्या. खालचा खडीचा थर धुम्मसाने ठोकायचा, वर २५ ते ३० मिमी जाडसर वाळू सरळ पट्टीने समतल करायची. ब्लॉक आजूबाजूपेक्षा ५ मिमी उंच बसवून रबरी हातोडीने ठोकायचे. शेवटी फटींत कोरडी बारीक वाळू झाडूने भरायची. हा शेवटचा टप्पा हमखास गाळला जातो, आणि त्याशिवाय ब्लॉक एकमेकांना धरून राहत नाहीत.

खड्डा खोल आहे म्हणून नुसती वाळूच जास्त ओतली तर ती पुन्हा दबते. उंची खडीने वाढवायची असते. वरून सिमेंटचं पाणी फिरवणं तर नकोच. जिथे गाड्या वर चढतात तिथे ६० मिमीचा ब्लॉक टिकत नाही, ८० मिमीचा मागा.

गवत्या
गाजर गवत जुलैत, फुलं यायच्या आत, माती ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकाला रुमाल. दमा असणाऱ्यांनी या कामापासून लांबच राहावं. फुलं आल्यावर उपटलं तर बी आपणच पसरवतो. झाडाच्या फांद्यांना मात्र कोयता लावू नका. त्याला वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते.

ब्रिस्टलकर
इकडे इंग्लंडमध्ये ब्रिस्टल–बाथसारख्या, जुन्या रेल्वेच्या जागी केलेल्या सायकल वाटांवर त्रास उलटा. वरचं डांबर चांगलं असतं, पण कडेला पानं कुजून माती होते, तीवर गवत येतं आणि वाट दरवर्षी अरुंद होत जाते. सपाट फावड्याने ती साय खरवडली की दोन्ही बाजूंना वीतभर रुंदी परत मिळते. माती उताराच्या खालच्या बाजूला टाका, नाहीतर पाणी वाटेवर तुंबतं. झुडपं मार्च ते ऑगस्ट छाटत नाहीत, पक्ष्यांची घरटी असतात.

हँडलबार
गाड्या आत शिरू नयेत म्हणून मार्गाच्या तोंडाशी लावतात त्या खांबांमधल्या अंतराबद्दल: बाइकचं हँडल साधारण ७५ सेंमी, सायकलचं ६० ते ७०. बाइक अडेल आणि सायकल जाईल असं अंतर व्यवहारात सापडत नाही, त्यावर वेळ घालवू नका. १.५ मीटर ठेवलं तर बहुतेक मोटारी अडतात, पण १.३ मीटरची रिक्षा घुसते. म्हणून माझं मत १.२. तुटलेल्या खांबाचे वर राहिलेले बोल्ट खांबापेक्षा वाईट, रात्री दिसत नाहीत. ते जमिनीसपाट कापून मागा.

फाइलबहाद्दर
एका तक्रारीत एकच दोष लिहा. खड्डा पथ विभागाचा, दिवा विद्युतचा, झाकण मलनिःसारणचं. तिन्ही एकत्र लिहिले तर एक काम होतं आणि तक्रार 'निकाली'. फोटो दोन: एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून, एक लांबून, विजेच्या खांबाचा क्रमांक दिसेल असा. काम न होता तक्रार बंद झाली तर त्याच कोनातून नवा फोटो काढून पुन्हा उघडा.

पंक्चरपुराण
खांबाचा क्रमांक पुसट असेल तर मागच्या आणि पुढच्या खांबाचा द्या. 'चहाच्या टपरीसमोर' लिहू नका, टपरी हलते.