सोमवारी पहाटे ५ ला सुपर बोल बघावा लागणारे, मला ढिम्म कळत नाही, कोणीतरी समजवा

लोकमान्यनगरची_रात्रपाळी

नमस्कार मंडळी. इंदूरची आहे, विजयनगरला एका कंपनीत रात्रपाळी करते, क्लायंट अमेरिकेतला. दर फेब्रुवारीत हे लोक सुपर बोल सुपर बोल (त्यांच्या अमेरिकन फुटबॉलची फायनल) करून डोकं खातात आणि यंदा आमच्या मॅनेजरने ठरवलंय की सोमवारी पहाटे शिफ्ट संपली तरी कोणी घरी जायचं नाही, कॅन्टीनमध्ये प्रोजेक्टर लावून सगळ्यांनी मॅच बघायची, तिकडची टीमपण व्हिडिओ कॉलवर असणार. मागे एकदा मी दहा मिनिटं बघितलं होतं. दोन सेकंद खेळतात, सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात, शिट्टी, मग पुन्हा घोळका करून मीटिंग. आमच्या ऑफिससारखंच, कामापेक्षा मीटिंग जास्त.

वर तिकडून एक तक्ता आलाय १०० चौकोनांचा. माझ्या नावाच्या चौकोनाला एका बाजूने ५ आणि दुसऱ्या बाजूने २ आलेत. पैसे बिसे नाहीत, जिंकेल त्याला टी-शर्ट. मी विचारलं हे काय आहे, तर तिकडचा एक जण नुसता हसला आणि सॉरी म्हणाला. सॉरी का??

क्रिकेट कळतं, शाळेत कबड्डी खेळलेय. नियमांचं पुस्तक नको, फक्त चार तास येड्यासारखं बसायला लागू नये एवढं सांगा.

क्लीव्हलंड_रिटर्न

ताई, सहा वर्षं ओहायोत काढून परत इंदुरात आलोय, तेव्हा माझं ऐक. ९० टक्के नियम सोडून दे. एकच गोष्ट धर, चार चान्स आणि दहा यार्ड. ज्याच्याकडे बॉल त्याला दहा यार्ड पुढे सरकायला चार चान्स मिळतात, त्याला डाउन म्हणतात. चारात दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. असं करत करत समोरच्याच्या टोकाला असलेल्या पट्टीत, एंड झोनमध्ये, बॉल न्यायचा. मैदान १०० यार्डाचं आणि दोन्ही टोकांना ही १० यार्डाची पट्टी.

आता स्क्रीनवर खाली 'थर्ड अँड सेव्हन' असं काहीतरी दिसेल. म्हणजे तिसरा चान्स चालू आहे आणि अजून ७ यार्ड पाहिजेत. क्रिकेटमध्ये आपण किती बॉलमध्ये किती हवेत हे बघत बसतो ना, तेच हे. मैदानावर पिवळी रेघ दिसते ना, ती खरी नसते बरं का, कॉम्प्युटरने टीव्हीवर काढलेली असते, १९९८ पासून दाखवतात, तिच्यापलीकडे गेला की झालं. मी तिकडे नवीन असताना पहिल्यांदा स्टेडियममध्ये गेलो आणि अर्धा तास ती रेघ शोधत होतो, शेजारच्याला विचारलं तर तो इतका हसला की त्याचे नाचोज सांडले.

तर थर्ड डाउन आला की बोलणं बंद, बघायचं. तिथे फसले तर चौथ्या चान्सला बहुतेक वेळा बॉल लाथ मारून लांब देऊन टाकतात (पंट), किंवा खांब जवळ असतील तर खांबांमधून किक मारून ३ पॉइंट घेतात, फील्ड गोल. आणि एखादा कोच डेरिंगबाज असेल तर चौथ्यालाही खेळतो, तेव्हा मात्र सगळे उभे राहतात, तूपण राहा, कारण कळलं नाही तरी चालेल. टचडाउन ६, त्यानंतर एक किक १ ची, किंवा किक न मारता परत बॉल आत नेला तर २. बाकी पिवळा रुमाल पडला की कोणीतरी चूक केलीय, कोणी ते रेफरी माइकवर सांगतो, तू फक्त 'छ्या' म्हण, निम्म्या वेळा बरोबर निघतं.

मी कुठल्या टीमचा हे विचारू नकोस. विचारलंसच तर क्लीव्हलंडचे ब्राउन्स. ३२ टीम आहेत, त्यातल्या ज्या चार आजवर एकदाही सुपर बोलला पोचल्या नाहीत त्यात आम्ही, बाकी लायन्स, जॅग्वार्स, टेक्सन्स. २०१७ च्या सीझनला आम्ही १६ पैकी १६ हरलो आणि मग जानेवारीत लोकांनी हरल्याची मिरवणूक काढली. खरंच. स्टेडियमभोवती गोल, म्हणजे रस्ता वरून शून्यासारखा दिसावा म्हणून. नाक गळून पडेल अशी थंडी, माझा घरमालक डोक्यावर किराण्याची खाकी पिशवी घालून, डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला एक भोक, त्यातून बिअर. राजवाड्यावरची रंगपंचमीची गेर लहानपणापासून बघितलेला माणूस मी, मला मिरवणुकीचं काय कौतुक, पण हरल्याची मिरवणूक तिथेच बघितली.

रामबागचे_काका

बेटा, वरच्या भाऊंनी छान सांगितलं पण एक राहिलं. बॉल बघू नकोस. टीव्हीवाला बॉलच दाखवतो म्हणून आपण फसतो. मी वीस वर्षं कबड्डी खेळलो, जावयाकडे न्यू जर्सीला गेलो तेव्हा पहिले दोन रविवार मलापण नुसता धिंगाणा वाटला, मग लक्षात आलं की हा सगळा खेळ हुलीचा आणि पकडीचा आहे.

प्रत्येक बाजूला ११ जण. बॉल घेऊन मागे सरकतो तो क्वार्टरबॅक. त्याच्या पुढे पाच दांडगे उभे असतात, त्यांचं नाव कोणी घेत नाही, मधला सुरुवातीला बॉल मागे देतो तेवढं सोडलं तर त्यांच्या हातात बॉल येत नाही, त्यांचं काम एवढंच की समोरच्याला त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. तीनेक सेकंद. तेवढ्यात क्वार्टरबॅकने बघायचं, ठरवायचं, फेकायचं. तू बॉल मागे दिल्यानंतरचे पहिले दोन सेकंद फक्त त्या पाच जणांकडे बघ, ते मागे मागे ढकलले जात असतील तर काहीतरी वाईट होणार हे तुला कॉमेंट्रीवाल्याच्या आधी कळेल. बॉल हातात असताना मागेच पकडला तर त्याला सॅक म्हणतात, म्हणजे आपल्या रेडरला मध्यरेषेपासून लांब धरलं तसं समज, चान्सपण गेला आणि जमीनपण गेली. कधी कधी तो बॉल दुसऱ्याला दिल्यासारखं करतो आणि स्वतःकडेच ठेवतो, ती हूल. चांगल्या हुलीला कॅमेरावालापण फसतो.

२००८ ची फायनल शोधून बघ. पेट्रियट्स १८ पैकी १८ जिंकून आलेले, समोर जायंट्स. शेवटचं सव्वा मिनिट उरलेलं, जायंट्सच्या इलाय मॅनिंगला दोघातिघांनी शर्टाला धरलं, आपल्याकडे असता तर पंचाने हात वर केला असता, पण तो सुटला आणि लांब फेकला, आणि डेव्हिड टायरी नावाच्या खेळाडूने एका हाताने बॉल स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला आणि तसाच पाठीवर पडला, बॉल जमिनीला लागू दिला नाही. १७-१४ जिंकले. पकडीतून सुटलेला रेडर मध्यरेषा कशी गाठतो ते ज्याने बघितलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मालवी_मिरची

जो खेळ हाताने खेळतात त्याला फुटबॉल म्हणणाऱ्यांकडून अजून काय अपेक्षा. बॉल खरा खेळात असतो जेमतेम ११ मिनिटं, बाकी साडेतीन तास जाहिराती आणि चर्चा. २०२५ ला ३० सेकंदांच्या जाहिरातीला ८० लाख डॉलर घेतले, खेळ कशाला पाहिजे मग. झोप काढ ताई.

क्लीव्हलंड_रिटर्न

भिया, टेस्ट मॅच पाच दिवस बघणाऱ्या देशात राहून हे बोलू नये. आणि जाहिराती बघायलाच तर निम्मी अमेरिका बसते, माझ्या ऑफिसात सोमवारी मॅचपेक्षा जाहिरातींचीच चर्चा जास्त. १९८४ ला अॅपलने मॅकची जाहिरात याच मॅचमध्ये दाखवली होती, लोकांना ती आठवते, त्या दिवशी कोण जिंकलं ते विचार बरं. (रेडर्स नावाची टीम. पण मी बघूनच सांगितलं.)

आकडेमोड

चौकोनांचं कोणीच सांगितलं नाही म्हणून. एका टीमचे आकडे आडवे ० ते ९, दुसरीचे उभे ० ते ९. प्रत्येक क्वार्टर (मॅचचे चार भाग असतात) संपला की दोघांच्या स्कोअरचा फक्त शेवटचा आकडा बघायचा. २०२५ ला ईगल्स आणि चीफ्स, हाफटाइमला २४-०, म्हणजे ४ आणि ० वाला जिंकला. शेवटी ४०-२२, म्हणजे ० आणि २.

आता पॉइंट येतात मुख्यतः ३ चे आणि ७ चे (६ अधिक १), म्हणून ०, ३, ७, ४ वाले खुश असतात. ५ आणि २ यायला काहीतरी बिघडावं लागतं, किक हुकावी लागते, सेफ्टी (बॉलवाल्याला त्याच्याच एंड झोनमध्ये धरलं की समोरच्याला २) व्हावी लागते, असं. म्हणून तो सॉरी म्हणाला. तुझा चौकोन म्हणजे लग्नात पंगतीचा कोपरा, वाढपी येईपर्यंत श्रीखंड संपलेलं.

पण थांब. २०२४ चा स्कोअर बघ, लास वेगसला झालेली, चीफ्स २५, फोर्टीनाइनर्स २२. ५ आणि २!! झालं काय, फोर्टीनाइनर्सची टचडाउननंतरची १ ची किक अडवली गेली, मग १९-१९ बरोबरी, एक्स्ट्रा टाइममध्ये त्यांनी ३ घेऊन २२ केले, आणि चीफ्सने टचडाउन करून तिथेच मॅच संपवली, संपलीच म्हटल्यावर १ ची किक मारायची गरज नाही, म्हणून २६ न होता २५. त्या वर्षी कुणाच्या तरी ऑफिसात असाच सॉरी ऐकलेला माणूस टी-शर्ट घालून फिरला असणार.

लोकमान्यनगरची_रात्रपाळी

आकडेमोड दादा तुमच्या तोंडात साखर 😂 आत्ताच तिकडच्या ग्रुपवर '२५-२२' एवढंच टाकलं, सॉरीवाल्याने अंगठा दाखवला.

काका तुमचं ते पाच जणांचं आवडलं, २००८ चा व्हिडिओ बघितला, बाबांनापण दाखवला, ते म्हणाले हा सुटलाच कसा, तीनदा मागे नेऊन बघितला.

आता महत्त्वाचं. पोहे. आमच्या मजल्याची अट आहे की पोहे-जलेबी मी आणायची कारण गाडी माझ्याकडे. हाफटाइमला जाऊन आले तर चालेल का? किती वाजता होतो आणि किती वेळ असतो?

क्लीव्हलंड_रिटर्न

तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू, म्हणजे आपले सोमवारचे पहाटे ५. हाफटाइम साडेसहा ते पावणेसातच्या आसपास पडेल. एरवीच्या मॅचला तो १३ मिनिटांचा असतो, इथे जवळजवळ अर्धा तास, कारण स्टेज तुकड्यातुकड्यात ढकलत आणून मैदानावर जोडतात, गाणी झाली की परत उचलून नेतात, मला तर गाण्यापेक्षा ते जोडणारे लोक बघायला आवडतात. वेळेच्या हिशेबाने छप्पन दुकानला जाऊन येशील आरामात. पण तुझ्या मजल्यावरचे निम्मे लोक त्या शोसाठीच बसलेले असणार आणि तू पोह्यांच्या लायनीत.

पोहे_विथ_जीरावन

हाफटाइमला अजिबात जाऊ नकोस!! मॅच गेली खड्ड्यात, शो बघ. पूर्वी तिथे बँडपथकं वगैरे असायची, १९९२ ला दुसऱ्या चॅनेलने त्याच वेळेला विनोदी कार्यक्रम लावून प्रेक्षक पळवले, मग १९९३ ला यांनी थेट मायकल जॅक्सनलाच आणलं. तो स्टेजवर आला आणि दीडेक मिनिट नुसता पुतळ्यासारखा उभा, लोक ओरडून ओरडून बेजार. २००७ ला प्रिन्स, मायामीत, धो धो पाऊस, आणि तो पावसातच गिटार वाजवतोय. माझ्या मते तिसऱ्या क्वार्टरला जा, तेव्हा सगळे सुस्तावलेले असतात.

रामबागचे_काका

तिसऱ्यात नको. २०१७ ला तिसऱ्या क्वार्टरमध्ये फाल्कन्स २८-३ पुढे होते, जावई म्हणाला संपली पप्पा, झोपा. मी झोपलो. सकाळी उठलो तर पेट्रियट्स ३४-२८ जिंकलेले. आजतागायत मी जावयाचं मॅचबाबत ऐकत नाही, आणि हाफटाइमच्या आधीची शेवटची दोन मिनिटं आहेत असं कोणी म्हटलं तरी उठू नकोस, ती दोन मिनिटं वीस मिनिटं चालतात.

मालवी_मिरची

मग साडेचारला सरवटे बसस्टँडवरून पॅक करून आण, विषय संपला.

पोहे_विथ_जीरावन

साडेचारचे पोहे पावणेसातला? वाफेवरून उतरवलेले दोन तास डब्यात? तू खरंच इंदूरचा आहेस का रे

मालवी_मिरची

उज्जैनचा. आता बोला.

लोकमान्यनगरची_रात्रपाळी

ठरलं. बाबा स्कूटरवर घेऊन येतायत, साडेसहाला गेटवर, जीरावन मसाला आणि शेव वेगळे बांधून, जलेबी दोन किलो. पण त्यांचीही अट आहे, वॉचमनला सांगून त्यांना आत घ्यायचं, एक खुर्ची ठेवायची. आत्तापासून त्या पाच दांडग्यांवर लेक्चर देणं चालू आहे, आईने टीव्हीचा आवाज वाढवलाय.

आणि ते विचारतायत की सेफ्टी म्हणजे २ पॉइंट ना, मग दोन्ही टीमने एक-एक सेफ्टी केली तर आपल्या चौकोनाचं काय होतं.

आकडेमोड

२-२. तुझा ५ गेला. पण बाबांना सांग दोन्हीकडून सेफ्टी झाली तर टी-शर्ट मी माझ्या खिशातून देतो.